भिंतीची बाहेरची बाजू

लोक मला घर पाहायला बोलावतात आणि आल्याआल्या आत खुर्ची मांडतात, तिथूनच माझं डोकं फिरतं. अहो, मी काय पाहुणी म्हणून आले? भिंत ओली होते म्हणून बोलावलं ना? मग पाणी काय दिवाणखान्यातून येतं? आत दिसतो तो रंगाचा फोड. तो सगळ्यात शेवटी येतो. मी खुर्चीला हात लावत नाही. पदर खोचते आणि घराला बाहेरून एक फेरी मारते. मालक मागून ओरडत असतो, "बाई, चहा तं घ्या!" चहा नंतर.

आता गुडघे गेले, बांधकाम सुटलं, भिंती पाहणं तेवढं उरलं, म्हणून या अंकवाल्यांनी लिहा म्हटलं. "तुमच्या कामातले काही गोड अनुभव लिहा ताई," म्हणाले. गोड पाहिजे होतं तर मिठाईवाल्याला सांगायचं. दिवाळीचा अंक आहे हे मला माहीत आहे. माझ्याजवळ जे आहे ते लिहिते, कुणाला कडू लागलं तर पान उलटावं.

नव्व्याण्णव साली मी पहिल्यांदा डोक्यावर घमेलं घेतलं. बांधकामावर विटा, रेती, मसाला वाहणाऱ्या बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात. मी नवेगाव बांधची. घर बौद्धांचं, शाळा दहावीपर्यंत, पुढं इंग्रजीनं गाडी अडवली. शालिकराम मिस्त्रीच्या हाताखाली लागले. मिस्त्रीचा हात सोन्याचा होता आणि तोंड इतकं खराब की पोलीससुद्धा त्याच्याशी बेतानं बोलायचे. माझ्यासोबत धुरपता नावाची दुसरी रेजा होती, केशोरीच्या रस्त्यावरच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. मी खालून घमेलं द्यायची, ती पहाडावर उभी राहून वर घ्यायची. पहाड म्हणजे बांबूची परांची. वर्षानुवर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या हातात वजन देत होतो, त्यामुळं तिचा हात कधी थरथरतो, कधी तिला ताप आहे, कधी घरी भांडण झालं आहे, हे मला घमेल्यावरून कळायचं.

भिंत पाहायचं काम मला कुणी शिकवलं नाही. ते मला मिळालं कारण मी बाई होते. आमच्या झाडीपट्टीतल्या कुठल्याही घराच्या मागं सांदवाडी असते, म्हणजे मागचं अंगण. तिथं न्हाणी असते, बाया आंघोळ करतात, भांडी घासतात, कपडे वाळतात. परक्या पुरुषानं तिकडे पाऊल टाकायचं नसतं. मिस्त्री कितीही मोठा असला तरी तो घर समोरून पाहणार, बाजूनं पाहणार आणि मागं वळायची वेळ आली की खाकरत उभा राहणार. आणि पाणी तर मागंच असतं! न्हाणीचं पाणी, भांड्यांचं पाणी, सोडून दिलेली नाली, सगळं मागं. मग शालिकराम मिस्त्री मला म्हणायचा, "वच्छला, जाय वो, मागं पाहून ये." मी जायची, पाहायची, येऊन हळूच सांगायची. की लगेच हा मालकाकडे वळून म्हणणार, "पाहा, मी म्हटलं होतं ना? मागून झिरपून राहिलं." मालक मान डोलवायचा. मी तिथंच उभी असायची, घमेलं घेऊन.

मागं जायला मला कुणी अडवलं नाही. काही घरांत मी स्वयंपाकघराच्या जवळ गेले की चेहरे बदलायचे, चहा वेगळ्या पेल्यात यायचा, ते सगळं व्हायचं. पण बाहेरून फिरायला पूर्ण मोकळीक. म्हणून बाहेरून फिरले, मनसोक्त फिरले. राग यायचा. त्या रागातच भिंती पाहायला शिकले.

तुम्हालाही सांगते, फुकटात. पाऊस चालू असताना भिंत पाहू नका, तेव्हा सगळ्याच ओल्या. झड उघडली, म्हणजे दिवसेंदिवस लागलेला पाऊस थांबला आणि एक चांगलं ऊन पडलं, की बाहेर निघा. बाकीची भिंत सुकते, पाणी मुरलेला भाग तेवढा काळपट राहतो. तो कमरेपर्यंत सारखा असेल तर पाणी खालून चढतं आहे. वरून खाली निमुळता येत असेल तर गच्चीकडे पाहा. खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली काळे ओघळ असतील तर खिडकीचा उंबरा आत उतरता आहे. कुठं पांढरी भुकटी सुटली असेल तर तो लोना, पाणी येऊन गेल्याची निशाणी. पिंपळाचं रोप उगवलं असेल तर मालकीणबाई हात जोडतात आणि तोडू देत नाहीत. जोडा बापा हात, पण त्याच्या मुळाशी फट आहे आणि फटीत पाणी आहे. उदई, म्हणजे वाळवी, मातीची नळी करून भिंतीवर चढलेली दिसली तर समजायचं की आतलं लाकूड ओलं आहे. उन्हाळ्यात कुत्रं कुठल्या भिंतीशी खड्डा करून पडतं तेही पाहा, ते उगाच तिथं पडत नाही. आणि सगळ्यात जास्त संशय घ्यायचा तो नव्या रंगाचा. अख्खं घर जुनं आणि मधलाच एक पट्टा ताजा रंगवलेला असेल तर तिथं बोटांनी ठोकून पाहा. भरीव भिंत बोटाला लागते. पोकळ झालेली नुसती भद्द बोलते.

एकदा गोंदियात एका शेटच्या बंगल्यावर गेले होते. तांदळाचा मोठा धंदा. पुढून दगडी टाइल लावलेली, खांबांवर नक्षी, फाटकावर पितळेचे सिंह. मागून उघड्या विटा, प्लास्टरसुद्धा नाही. पाणी अर्थातच मागून येऊन पुढच्या बैठकीत फुटलं होतं. मी सांगितलं, मागं छपाई करा, म्हणजे प्लास्टर करा. शेट हसला. म्हणाला, "बाई, पीछे कौन देखता है? तुम आगे का ठीक कर दो, अगले महीने सगाई है." मी म्हटलं, "शेटजी, पानी देखता है." त्याला ते इतकं आवडलं की त्यानं घरातल्या सगळ्यांना बोलावून माझ्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. सगळे हसले. काम मात्र पुढूनच करून घेतलं, दुसऱ्याकडून.

असे पुष्कळ भेटले. एकानं रस्ता उंच झाला म्हणून दारात विटांचा बांध घातला आणि त्यामागं पावसाचं पाणी स्वतःच्याच घरात कोंडून घेतलं. एक बाई भिंतीवरचा लोना खरडून रोज झाडायची आणि सासूनं करणी केली म्हणायची. यांच्यावर हसता येतं. ज्याच्यावर हसता येत नाही ते आता सांगते, आणि त्यासाठी आधी मातीच्या भिंतीचं समजून घ्या.

आमच्याकडची जुनी घरं मातीची. भिंत हातभर जाड, वर कवेलू, म्हणजे कौलं. दरवर्षी बाया ती शेणामातीनं लिपायच्या. अशी भिंत पावसात थोडं पाणी पिते आणि उन्हात ते परत सोडते. तिला सोडू द्यायचं, एवढंच पथ्य. पण पुढं पुढं सगळ्यांना पक्कं घर दिसायला पाहिजे झालं. असायला नव्हे, दिसायला. लगन निघालं की सोयरे घर पाहायला येणार, मातीची भिंत दिसली की नाक मुरडणार. मग काय करायचं? मातीच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटची छपाई चढवायची, वर छान रंग. झालं पक्कं घर! सिमेंटला बारीक तडा जातोच. त्यातून आणि खालून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट नसते. आतली माती शिजलेल्या भातासारखी मऊ होते. बाहेरून भिंत नवी दिसते. हे वेड आमच्याकडे गावागावांत शिरलं आणि दर पावसाळ्यात भिंती बसू लागल्या.

धुरपताचं घर असंच जुनं, मातीचं. नवरा तापात गेला तेव्हा तिची पोरगी लहान होती. पुढं पोरगी लग्न होऊन कामठ्याला गेली आणि धुरपता एकटी राहिली. घराची वाटणी नवरा असतानाच झालेली, तोंडी. पुढचा मोठा भाग आणि अंगण तिच्या भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला. मागची एक खोली आणि तिला लागून चूल, एवढं धुरपताला. तिचं दार गल्लीत उघडायचं. तिच्या खोलीची जी लांब भिंत होती, जिच्याशी तिची खाट होती, तिची बाहेरची बाजू भासऱ्याच्या अंगणात होती. म्हणजे भिंत हिची, पण ती बाहेरून पाहायची तर जायचं त्याच्या अंगणात.

आणि तिला जाता येत नव्हतं. भासऱ्यासमोर बाई जात नाही. समोर आला तर पदर नाकापर्यंत ओढून बाजूला उभी राहते, त्याच्याशी बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही, त्याची सावली ओलांडत नाही. तुम्ही शहरात हसाल. माझ्याही डोक्यात जायचं. पण धुरपता जन्मभर ते पाळत आली, आणि नवरा गेल्यावर तर आणखीच, कारण एकट्या बाईबद्दल बोलायला लोकांना काही लागत नाही.

भासऱ्याचं नाव मोतीराम ठेवते. माणूस गोड बोलणारा. त्याच्या पोराचं लगन ठरलं तेव्हा त्यानं न्हाणीला टाइल लावायचं काम शालिकराम मिस्त्रीला दिलं आणि मी तिथं गेले. गेल्याबरोबर सवयीनं एक फेरी मारली. न्हाणी धुरपताच्या भिंतीला चिकटून. तिच्यातून निघालेली नाली, तीही सरळ त्याच भिंतीच्या पायाशी धरून गल्लीकडे काढलेली. आणि भिंतीवर कमरेपर्यंत नवी सिमेंटची छपाई, पिस्ता रंग दिलेली. दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीनं केलेली. दिसायला सुरेख होतं हो! मांडवासाठीच केलं होतं. मी बोटांनी ठोकलं. पहिल्या ठोक्यालाच भद्द. जरा पुढं ठोकलं, तिथंही भद्द. वरच्या मातीत, छपाई संपते तिथून, उदईची ताजी ओली नळी चढलेली होती. मी घमेलं खाली ठेवलं.

"मोतीरामभाऊ," मी म्हटलं, "ही नाली वळवा. आणि ही छपाई काढून टाका. भिंत आतून सडून राहिली."

"काऊन? मस्त तं दिसून राहिली."

"दिसते मस्त. पन पायाशी पानी मुरते अन् वरून सिमेंट हाय. एक-दोन झडीत बसन. पलीकडं धुरपता झोपते."

त्यानं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मांडवाच्या बांबूंकडे हात करून म्हणाला, "लगन होऊन जाऊ दे, वच्छलाबाई. आता मांडवात खोदकाम करू काय? मंग पाहू."

लगन झालं. वाजतगाजत झालं. सोयऱ्यांनी पिस्ता भिंतीपुढं उभं राहून फोटो काढले. मी पुन्हा गेले. तेव्हा म्हणाला, सुनेनं माप ओलांडलं नाही तोच नाली उकरायची, हे बरं दिसत नाही. पुढं म्हणाला, पेरण्या होऊ दे. मग धानाच्या रोवणीला माणसं कुठं मिळतात? दर वेळी कारण खरंच असायचं, हीच पंचाईत होती. नाली वळवायला किती काम? अर्ध्या दिवसाचं. मीच करून देते म्हटलं. तर म्हणाला, "तू मजुरी घेशीन नाही, अन् गाव म्हनन मोतीरामनं बाईकडून फुकट काम करवलं." आणि शेवटी एकदा चारचौघांत, पारावर, मला मोठ्यानं म्हणाला, "भिंत तिची हाय ना? मंग तिनं सांगावं. मी तिले कधी नाही म्हटलं? ती मले कधी बोललीच नाही." पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तिला बोलता येत नाही हे त्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्याला सगळ्यांत जास्त. माझ्या अंगाची लाही झाली. मी त्या पारावर जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

मी धुरपताला म्हटलं, "चाल माह्या घरी. पावसाळाभर राहा."

ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "अन् खोली?"

"खोली काय पळून जाते?"

"खोली पळत नाही वो. कुलूप लागते." सूप खाली ठेवून ती माझ्याकडे पाहायला लागली. "वाटनी तोंडी हाय. मी यात राहून राहिली म्हनून ही माही हाय. एक पावसाळा नाही राहिली का मंग कोनाची हाय, सांग. पोरगी माहेरी येईल तं कुठं येईल? जावयाच्या दारात जाऊन पडू काय मी?"

ती बरोबर होती. भिंतीखाली राहिली तर जीव धोक्यात, आणि बाहेर पडली तर घर गेलं. आम्ही दोघींनी खाट पलीकडच्या भिंतीला सरकवली. खोली एवढीशी. पलीकडे म्हणजे कुठं, चार पावलांवर. आतून टेकू द्यावे म्हणून मी लाकडाच्या दोन बल्ल्या आणल्या, पण जमीनच इतकी ओली झाली होती की टेकूचा पाय रुतायचा.

"त्याचा राग नोको करू," उलट तीच मला म्हणायची. "त्याले बांधकामातलं काय समजते? धानातला मानूस तो. माह्या नवऱ्याले त्यानंच लहानाचं मोठं केलं, खांद्यावर बसवून मंडईले न्यायचा. समजलं असतं तं त्यानं केलं असतं." मंडई म्हणजे आमच्याकडची भाऊबीजेनंतरची जत्रा. मी म्हणायची, मी तर त्याला सांगते आहे ना, तोंड फाटेपर्यंत? ती म्हणायची, "तुही भाषा तिखट हाय वो. मानसाच्या कानात नाही जात."

आणि मग एक दिवस तिनं जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. भासऱ्याशी थेट बोलता येत नाही, पण अगदी अडलं तर बाया तिसऱ्याला उद्देशून बोलतात. पोराला, गाईला, असेल त्याला. धुरपता नाकापर्यंत पदर ओढून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या अंगणात शिरली. मी फाटकात उभी होते. मोतीराम ओसरीवर बसला होता. आमच्याकडे सपरी म्हणतात. सून दारात आली, शेजारच्या बाया कुंपणावर आल्या. धुरपता सरळ चालत गेली आणि त्या पिस्ता भिंतीसमोर, सपरीकडे पाठ करून उभी राहिली. आणि भिंतीशी बोलू लागली.

"भिंती वो," ती म्हणाली, "तुह्या पायाशी पानी मुरून राहिलं. तुले सहन होत नाही, मले मालूम हाय. या अंगनाचे मालक लय मोठ्या मनाचे हायत. त्यांच्या कानावर घाल. नाली जराशी तिकडं वळवा म्हना. आत माही खाट हाय. मले दुसरं घर नाही. दुसरं काही नाही मांगत मी."

एकेक शब्द स्पष्ट होता. मला वाटलं, आता हा माणूस उठणार. दगडालाही उठावं वाटलं असतं.

मोतीरामनं पानाची पिंक टाकली. भिंतीकडेच पाहत म्हणाला, "भिंतीले सांगा, भेऊ नोको म्हना. अजून धा पावसाळे तिले काही होत नाही. पाहू आपन."

धुरपतानं भिंतीला हात लावून नमस्कार केला आणि निघून आली. गल्लीत आल्यावर पदर मागं सारून मला म्हणाली, "पाहू म्हनला ना? म्हंजे करन तो." चेहऱ्यावर समाधान होतं.

त्या वर्षी झड लांबली. आठवडाभर सूर्य दिसला नाही. मी रोज मनात त्या भिंतीकडे जाऊन यायची. मग पाऊस थांबला आणि ऊन पडलं, आणि लोक खूश झाले, गोधड्या बाहेर आल्या. मी मात्र ऊन पाहून हादरले. मातीची भिंत पावसात टिकते, पडते ती उघाडीत. ओल्या मातीला ऊन लागलं की ती आखडते, सुटते. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. उतरले तेव्हा लोक गल्लीकडे धावत होते.

भिंत आत पडली होती. धुरपता खाटेवर नव्हती. गोधड्या उन्हात टाकून ती चुलीकडे जायला खोलीतून चालली होती. कमरेखालचं सगळं मातीखाली. लोक हातांनी माती ओढत होते आणि मोतीराम सगळ्यांच्या पुढं होता, उघडाबंब, चिखलानं माखलेला. त्यानंच तिला उचललं. भासऱ्यानं भावाच्या बायकोला हात लावला, म्हणून नंतर गावात त्याचं केवढं कौतुक झालं! रिवाज पाहिला नाही, जीव पाहिला म्हणे. त्यानंच गाडी केली, त्यानंच गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. मी अंगणाच्या बाजूनं गेले. तिकडे कमरेएवढी ती पिस्ता रंगाची छपाई बरीचशी तशीच उभी होती. मागची माती आत वाहून गेली होती आणि नुसता पापुद्रा उभा. मी लाथ मारली तेव्हा पडला.

तलाठी आला, पाहून गेला. अतिवृष्टीनं भिंत पडली असं ठरलं. पाऊस तर थांबलेला होता, पण पावसाच्या नावावर काहीही टाकता येतं, तो उलटून बोलत नाही. नालीचं मी सांगितलं. तो म्हणाला, "बाई, ते तुमचं घरगुती आहे."

धुरपता जगली. कमरेचं हाड बसलं ते वाकडं. दवाखान्यातून पोरीनं तिला कामठ्याला नेलं. जिथं जाऊन पडायचं नव्हतं तिथंच जाऊन पडली. गावात त्याच आठवड्यात खोलीच्या दाराला कुलूप लागलं. सामान चोरीला जाऊ नये म्हणून, मोतीराम म्हणाला. पुढं म्हणाला, भावाची खोली पडकी ठेवणं शोभत नाही. मग गल्लीतलं दार विटांनी बंद झालं आणि अंगणाकडून नवं दार काढायचं ठरलं.

दिवाळी झाल्यावर त्यानं मला निरोप पाठवला. शालिकराम मिस्त्री तोवर वारला होता, मी स्वतः कामं घ्यायची. कशाला गेले? पाहायला गेले. विटा उतरलेल्या होत्या, सिमेंट आलं होतं. मोतीराम आदरानं बोलला, सपरीत बसवलं, चहा दिला. मग मला पडलेल्या भिंतीपाशी घेऊन गेला आणि पायानं जमिनीवर रेघ ओढून म्हणाला, "वच्छलाबाई, पाया भरायच्या पहिले ही नाली इकडून वळव. नवी भिंत हाय, पानी नाही लागलं पाह्यजे."

"मोतीरामभाऊ, हे तुम्हाले कधी समजलं?"

"आता!" तो सहज म्हणाला. "तूच तं सांगून राहिली होती इतके दिवस."

मी थापी पिशवीत टाकली आणि निघाले. तो मागून हाका मारत होता, काय झालं, काय झालं. दुसऱ्या मिस्त्रीनं काम केलं. नाली अर्ध्या दिवसात वळली. ती भिंत मी नंतर पाहिली आहे, रस्त्यावरून दिसते. एक डाग नाही, लोना नाही. चांगली कोरडी भिंत आहे.

मी कामठ्याला धुरपताला भेटायला गेले. जावयाच्या सपरीत बाजेवर पडून होती. जावई वाईट नाही, पण ती घोटभर पाणी मागतानासुद्धा आवाज बारीक करायची. इकडचं तिकडचं झालं. तिनं मोतीरामचं चांगलंच सांगितलं. कसं उचललं, गाडीत कसं मांडीवर डोकं घेऊन बसला, कसा रडत होता. मला काही सांगायचं नव्हतं. पण तीच विचारत गेली.

"माही भिंत बांधली काय वो?"

"बांधली. विटांची."

"अन् नाली?"

खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर लोकांना भिंतीचं खरं सांगत आले, हिच्याशी कसं खोटं बोलू? "वळवली," मी म्हटलं. "पाया भरायच्या आधी."

"तू सांगतलं असन मिस्त्रीले."

"मी नाही. त्यानंच सांगितलं."

आतून पोरीच्या भांड्यांचा आवाज येत होता. तिनं माझा हात धरला, पहाडावरून घमेलं घ्यायची तसा, मनगटाच्या वर.

"मंग त्याले समजत होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.